क्रिप्टो प्रकल्पांना घाई महाग का पडते? इथेरियमच्या 'मर्ज'मधून समजून घ्या

१५ सप्टेंबर २०२२. भारतात दुपारचे १२ वाजून १२ मिनिटं झाली होती. त्या मिनिटाला इथेरियम या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्रिप्टो नेटवर्कनं आपली चालण्याची पद्धतच बदलली. नेटवर्कवरच्या इथर या चलनाचं एकूण मूल्य तेव्हा जवळपास २०० अब्ज डॉलर होतं. बदल करण्यासाठी नेटवर्क बंद ठेवलं नव्हतं. कोणाचे पैसे अडकले नाहीत. बहुतेक वापरकर्त्यांना काहीतरी बदललंय हे बातम्यांमधूनच कळलं.

या बदलाला 'द मर्ज' म्हणतात. तो येणार येणार असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं आणि दर वेळी तो पुढे ढकलला जात होता. त्यावरून सोशल मीडियावर इथेरियमची भरपूर टिंगलही झाली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात टेरा हा भराभर वाढलेला प्रकल्प आठवडाभरात कोसळला होता. सुमारे ४० अब्ज डॉलरचं मूल्य त्यात नाहीसं झालं.

या दोन प्रकल्पांमध्ये फरक काय होता? क्रिप्टोमध्ये सावधपणे काम करणं म्हणजे नेमकं काय? आणि एखादा प्रकल्प तसं काम करतोय की नाही, हे सामान्य माणसानं कसं ओळखायचं?

चूक झाली तर ती दुरुस्त का करता येत नाही?

यूपीआयवरून चुकीच्या नंबरला पैसे गेले तर बँकेकडे तक्रार करता येते. फसवणूक झाली तर १९३० या हेल्पलाइनवर फोन करता येतो. पैसे परत मिळतीलच याची खात्री नसते, पण मध्ये कोणीतरी असतं. बँक खातं गोठवू शकते, पोलीस तपास करू शकतात, कोर्ट आदेश देऊ शकतं.

सार्वजनिक ब्लॉकचेनमध्ये मधली बँक नसते. एकाच हिशेबवहीच्या प्रती जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर असतात आणि एकदा पक्की झालेली नोंद सहसा खोडता येत नाही. त्यावर 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' चालतात. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठरलेली अट पूर्ण झाली की पैसे आपोआप इकडून तिकडे पाठवणारा प्रोग्राम. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्या प्रोग्रामला कळत नाही. कोडमध्ये जे लिहिलंय तेच तो करतो.

शिवाय हा कोड बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुला असतो. चांगले प्रोग्रामर तो वाचू शकतात आणि चोरही.

खरेदीच्या ॲपमध्ये बिघाड झाला तर दुसऱ्या दिवशी नवं अपडेट येतं. इथे बिघाड सापडला की काही मिनिटांत तिजोरी रिकामी होऊ शकते. 'आधी बाजारात उतरू, चुका नंतर सुधारू' ही स्टार्टअप मंडळींची आवडती पद्धत म्हणूनच इथे धोक्याची ठरते.

'द डाओ': इथेरियमचं तोंड पोळलं ते प्रकरण

इथेरियमला हा धडा फार लवकर मिळाला. हे नेटवर्क ३० जुलै २०१५ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत 'द डाओ' नावाच्या प्रकल्पात लोकांनी सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर जमा केले. कल्पना अशी होती की हा एक सामायिक निधी असेल, त्याला मॅनेजर नसेल आणि पैसे कुठे गुंतवायचे हे सदस्य मतदानानं ठरवतील. सगळा कारभार कोड सांभाळेल.

२७ मे २०१६ला तीन संशोधकांनी या रचनेतल्या त्रुटी दाखवून दिल्या आणि नव्या प्रस्तावांना तूर्त थांबवा असं जाहीरपणे सुचवलं. पण तोवर प्रचंड पैसा जमला होता आणि उत्साह शिगेला पोहोचला होता.

१७ जून २०१६ला हल्ला झाला. चूक समजायला सोपी आहे. समजा, एखाद्या एटीएममधून पैसे आधी बाहेर येतात आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी होते. त्या मधल्या क्षणात कोणी पुन्हा पैसे मागितले तर मशीनला शिल्लक पूर्वीइतकीच दिसेल आणि ते पुन्हा पैसे देईल. 'द डाओ'च्या कोडमध्ये साधारण असंच घडत होतं. प्रोग्रामर या दोषाला 'रीएंट्रन्सी' म्हणतात. हल्लेखोरानं या मार्गानं सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले.

पैसे वाचले ते एका अटीमुळे. 'द डाओ'मधून वेगळे केलेले पैसे काही आठवडे बाहेर नेता येत नसत. कोडमध्ये आधीच घालून ठेवलेल्या या सक्तीच्या थांब्यामुळे सगळ्यांना विचार करायला वेळ मिळाला. अखेर २० जुलै २०१६ला इथेरियमच्या बहुसंख्य वापरकर्त्यांनी सॉफ्टवेअर बदलून ते पैसे मूळ मालकांना परत मिळतील अशी व्यवस्था केली. 'नोंद बदलणं तत्त्वाला धरून नाही' असं म्हणणाऱ्यांनी जुनीच साखळी चालू ठेवली. ती आजही 'इथेरियम क्लासिक' या नावानं चालते. एका घाईत लिहिलेल्या प्रोग्रामपायी आख्ख्या नेटवर्कची दोन शकलं झाली.

दूध पोळलं, मग ताक फुंकून

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथेरियमच्या डेव्हलपर्सचं तसंच झालं.

जानेवारी २०१९मध्ये 'कॉन्स्टँटिनोपल' नावाचं अपग्रेड ठरलं होतं. तारीख जाहीर झाली होती आणि तयारी पूर्ण होती. मात्र १५ जानेवारीला, म्हणजे अपग्रेडला दोन दिवसही उरलेले नसताना, चेनसिक्युरिटी या स्विस कंपनीनं एक इशारा दिला. काही व्यवहार स्वस्त करणाऱ्या एका नव्या बदलामुळे आधी सुरक्षित असलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्येही रीएंट्रन्सीला वाट मिळू शकत होती. 'द डाओ'मध्ये जो दोष होता, त्याच जातीचा हा दोष होता.

संशोधकांनी आख्खी ब्लॉकचेन तपासली. या बदलामुळे धोक्यात येईल असं एकही कॉन्ट्रॅक्ट त्यांना प्रत्यक्षात सापडलं नाही. तरीही 'धोका शून्य आहे' असं खात्रीनं म्हणता येत नव्हतं, म्हणून डेव्हलपर्सनी त्याच दिवशी अपग्रेड थांबवलं. वादातला बदल काढून टाकून ते २८ फेब्रुवारी २०१९ला पार पडलं. उशीर झाला सहा आठवड्यांचा, आणि कोणाचाही एक रुपया बुडाला नाही.

मर्जची तालीम कशी झाली?

मर्जपूर्वी इथेरियम 'प्रूफ ऑफ वर्क' या पद्धतीनं चालायचं. म्हणजे व्यवहार नोंदवण्याचा हक्क मिळावा म्हणून जगभरातले कॉम्प्युटर अवघड गणितं सोडवत बसायचे आणि त्यात अफाट वीज जायची. 'प्रूफ ऑफ स्टेक'मध्ये ही शर्यत नसते. व्यवहार तपासणारे, म्हणजे 'व्हॅलिडेटर', आपले इथर तारण ठेवतात. खोटेपणा केला तर त्या तारणाला कात्री लागते.

हा बदल म्हणजे धावत्या रेल्वेचं इंजिन गाडी न थांबवता बदलण्यासारखं होतं. त्यामुळे काम टप्प्याटप्प्यानं झालं.

पहिला टप्पा म्हणजे नवं इंजिन शेजारच्या रुळावर चालवून बघणं. १ डिसेंबर २०२०ला 'बीकन चेन' नावाची प्रूफ ऑफ स्टेकवर चालणारी वेगळी साखळी सुरू झाली. लोकांचे रोजचे व्यवहार जुन्याच साखळीवर होत राहिले. नवी साखळी जवळपास पावणेदोन वर्षं अशीच चालवली गेली.

दुसरं म्हणजे टेस्टनेट. टेस्टनेट ही खऱ्या नेटवर्कची सराव-आवृत्ती असते. तिथल्या नाण्यांना किंमत नसते, त्यामुळे चुका करायला मोकळीक असते. ऑगस्ट २०२०मध्ये 'मेडाला' या टेस्टनेटवर मोठा घोळ झाला. बहुतेक व्हॅलिडेटर 'प्रिझम' हे एकच सॉफ्टवेअर वापरत होते. बाहेरच्या सर्व्हरकडून वेळ घेताना ते फसलं, त्याचं घड्याळ चुकलं आणि नेटवर्क कित्येक दिवस विस्कळीत झालं. डेव्हलपर्सनी काय चुकलं ते जाहीरपणे मांडलं. एकाच सॉफ्टवेअरवर सगळ्यांनी विसंबून राहणं किती धोक्याचं आहे, हे तिथे खरे पैसे न बुडता कळलं.

त्यानंतर वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली पाच सॉफ्टवेअर व्हॅलिडेटरसाठी उपलब्ध राहतील याकडे लक्ष दिलं गेलं. एकात चूक निघाली तर बाकीची तगून राहतील, हा त्यामागचा विचार.

तिसरा टप्पा रंगीत तालमींचा. एप्रिल २०२२पासून खऱ्या नेटवर्कची नक्कल करून तिच्यावर पुन्हा पुन्हा मर्ज करून बघण्यात आलं. मग ८ जूनला रॉप्स्टन, ६ जुलैला सेपोलिया आणि ऑगस्टमध्ये गोर्ली या तीन टेस्टनेटवर मर्ज झालं. त्यात सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करूनच खऱ्या मर्जचा मुहूर्त धरला गेला.

एका वेळी एकच मोठं काम, हा नियमही पाळला गेला. तारण ठेवलेले इथर परत काढण्याची सोय मर्जसोबत दिली नाही. ती वेगळ्या अपग्रेडमधून १२ एप्रिल २०२३ला आली.

परिणाम काय झाला? इथेरियमचा वीजवापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला. आणि एकापेक्षा जास्त सॉफ्टवेअर असण्याचा फायदा मे २०२३मध्ये दिसला. ११ आणि १२ मे या दोन दिवशी काही सॉफ्टवेअरवर ताण आला आणि व्यवहारांवर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायला उशीर झाला. पण बाकीची सॉफ्टवेअर चालू होती, त्यामुळे नवे व्यवहार नोंदले जात राहिले आणि नेटवर्क आपोआप सावरलं.

टेरामध्ये काय चुकलं?

टेराचं 'यूएसटी' हे नाणं कायम एक डॉलरला मिळेल असं सांगितलं जायचं. त्यामागे डॉलरचा साठा नव्हता. लूना या दुसऱ्या नाण्यासोबत अदलाबदल करून भाव टिकवायचा, अशी रचना होती. यूएसटी 'अँकर' या योजनेत ठेवलं तर वर्षाला जवळपास २० टक्के व्याज मिळायचं. अर्थातच लोकांनी रांगा लावल्या.

मे २०२१मध्ये यूएसटीचा भाव एक डॉलरच्या खाली घसरला होता. तो पुन्हा वर आला तेव्हा 'आमची रचना स्वतःच सावरते' असा प्रचार झाला. पुढे अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकानं कोर्टात सांगितलं की एका ट्रेडिंग कंपनीनं पडद्यामागून खरेदी करून भाव उचलला होता. एप्रिल २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं कंपनी आणि तिचे संस्थापक डो क्वॉन यांना फसवणुकीसाठी जबाबदार धरलं. ऑगस्ट २०२५मध्ये क्वॉन यांनी फौजदारी खटल्यातही गुन्हा कबूल केला.

मेडाला आणि टेरा यांच्यातला फरक इथे दिसतो. मेडालामध्ये यंत्रणा बिघडली तेव्हा कारण सगळ्यांसमोर मांडलं गेलं आणि रचना सुधारली गेली. टेरामध्ये बिघाड झाकला गेला, रचना तशीच राहिली आणि त्यात आणखी पैसे ओतले गेले. वर्षभरानं भाव पुन्हा घसरला तेव्हा सावरण्याच्या पलीकडे गेलेला होता.

तात्पुरती सोय कायमची राहिली तर?

प्रत्येक दुर्घटनेमागे फसवणूक असते असं नाही. कधी कामाच्या रेट्यात केलेली छोटी तडजोड पुरेशी असते.

'ॲक्सी इन्फिनिटी' या गेमसाठी बनवलेला रोनिन ब्रिज हे त्याचं उदाहरण. ब्रिज म्हणजे एका ब्लॉकचेनवरचे पैसे दुसरीवर नेण्याची सोय. रोनिनमधून पैसे काढायला नऊपैकी पाच सह्या लागत. नोव्हेंबर २०२१मध्ये वापरकर्ते फार वाढले, म्हणून एका संस्थेनं आपल्या वतीनं सही करण्याची परवानगी गेम बनवणाऱ्या कंपनीला तात्पुरती दिली. डिसेंबरमध्ये गरज संपली, पण परवानगी काढून घ्यायची राहून गेली. २३ मार्च २०२२ला चोरांनी कंपनीच्या चार सह्या मिळवल्या आणि पाचवी त्यांना या विसरलेल्या परवानगीतून मिळाली. ६० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम गेली. चोरी लक्षात आली ती सहा दिवसांनी, एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात तेव्हा.

१ ऑगस्ट २०२२ला नोमॅड ब्रिजमधून सुमारे १९ कोटी डॉलर गेले. आधीच्या एका अपग्रेडमध्ये चुकीचं मूल्य भरलं गेलं होतं, त्यामुळे खोटे संदेशही खरे मानले जाऊ लागले. एकानं पैसे काढले, ते बघून शेकडो जणांनी त्याचा व्यवहार कॉपी करून फक्त पत्ता बदलला. घाटातल्या पाट्यांवर 'अति घाई संकटात नेई' असं लिहिलेलं असतं. अपग्रेडच्या बाबतीतही ते लागू पडतं.

सावधपणा म्हणजे सगळं हळू करणं का?

तसं नाही. संकट आलं की वेग लागतोच. ऑगस्ट २०१०मध्ये बिटकॉइनच्या कोडमधल्या चुकीमुळे एका व्यवहारातून १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन तयार झाले होते. एकूण मर्यादा फक्त २ कोटी १० लाखांची आहे. काही तासांत दुरुस्ती झाली आणि ती नोंद बाद ठरली. बिटकॉइन तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं आणि वापरणारे मोजके होते, म्हणून ते निभावलं. आता तिथे बदल फार सावकाश होतात. 'टॅपरूट' हे अपग्रेड जानेवारी २०१८मध्ये सुचवलं गेलं आणि नोव्हेंबर २०२१मध्ये लागू झालं.

भारतीय संस्थापकांनी मुंबईत सुरू केलेल्या पॉलिगॉनचा अनुभवही बोलका आहे. या नेटवर्कच्या टेस्टनेटचं नावच अनेक वर्षं 'मुंबई' होतं. डिसेंबर २०२१मध्ये एका स्वतंत्र संशोधकानं त्यांना एक गंभीर दोष कळवला. त्यातून तब्बल ९०० कोटींहून जास्त मॅटिक नाणी धोक्यात आली असती. पॉलिगॉननं दोन-तीन दिवसांत गुपचूप अपग्रेड उरकलं आणि मगच माहिती जाहीर केली. तोवर आठ लाखांवर मॅटिक चोरीला गेली होती, पण बाकी वाचली. दोष दाखवणाऱ्यांना सुमारे ३५ लाख डॉलर बक्षीस दिलं गेलं. अशी बक्षीस योजना, म्हणजे 'बग बाउंटी', आधीपासून नसती तर तो दोष कदाचित भलत्याच हाती लागला असता.

सावकाशपणाची किंमतही असते, हे मान्य करायला हवं. मर्ज लांबला तितकी वर्षं इथेरियमवर वीज जळत राहिली. गर्दीच्या काळात व्यवहाराची फी सामान्यांना परवडेनाशी झाली आणि अनेक जण दुसऱ्या नेटवर्ककडे गेले. शिवाय काही भामटे प्रकल्प 'आम्ही काळजीपूर्वक काम करतोय' असं सांगत वर्षानुवर्षं नुसत्या तारखाच देतात. फरक ओळखायचा तो पूर्ण झालेल्या कामावरून. मर्ज लांबत होता तेव्हाही बीकन चेन, टेस्टनेट, तालमी हे एकेक टप्पे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पार पडत होते.

एखादा प्रकल्प पारखताना काय बघायचं?

तांत्रिक ज्ञान नसलं तरी काही प्रश्न कोणीही विचारू शकतं.

१. आधी सांगितलेलं काम पूर्ण झालंय का? पुढच्या योजनांपेक्षा गेल्या दोन वर्षांतली पूर्ण झालेली कामं बघा.

२. तारीख पुढे ढकलली तेव्हा कारण दिलं का? 'हा दोष सापडला, तो दुरुस्त करतोय' हे चांगलं लक्षण. नुसतं 'लवकरच' हे वाईट.

३. चूक झाली तेव्हा काय केलं? चूक मांडणाऱ्या प्रकल्पावर चूक झाकणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो. टीका करणाऱ्यांना ब्लॉक करणं किंवा त्यांची खिल्ली उडवणं ही धोक्याची घंटा.

४. कोड बाहेरच्या कोणी तपासलाय का आणि बग बाउंटी आहे का? तपासणी झाली म्हणजे धोका संपला असं नाही, पण ती नसेल तर दूर राहिलेलं बरं.

५. पैसे हलवायला किती जणांच्या सह्या लागतात आणि ते खरंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? रोनिनमध्ये कागदावर नऊ जण होते, पण पाच सह्या एकाच कंपनीतून मिळाल्या.

६. परतावा कुठून येतो? २० टक्के व्याज नेमकं कोण देतंय, याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

नेटवर्क चांगलं असलं म्हणजे पैसे सुरक्षित का?

दोन गोष्टींची गल्लत करू नये. काम नीट झालं म्हणजे भाव वाढेलच असं नाही. मर्ज अगदी सुरळीत झाला, तरी त्या दिवशी इथरचा भाव उतरला होता.

दुसरं म्हणजे नेटवर्क कितीही भक्कम असलं, तरी नाणी ज्या एक्स्चेंजवर ठेवली आहेत तिथे चोरी होऊ शकते. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची क्रिप्टो चोरीला गेली. त्यानंतर ग्राहकांना आपल्या पैशांसाठी वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं.

भारतात नुकसान जास्त बोचण्याचं आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे दहापैकी एक प्रकल्प चालला आणि नऊ बुडाले, तरी चाललेल्या एकावर पूर्ण कर भरावा लागतो.

त्यामुळे 'आजच घ्या, उद्या संधी जाईल' असा मेसेज ग्रुपवर आला, तर एक लक्षात ठेवा. खुद्द इथेरियमच्या डेव्हलपर्सनी केवळ एका शंकेपोटी सगळी तयारी झालेलं अपग्रेड सहा आठवडे पुढे ढकललं होतं. आपले पैसे टाकण्याआधी दोन दिवस थांबून वरचे सहा प्रश्न विचारले, तर फारसं काही बिघडत नाही.